गाठ कोणी मारली?

दीपप्रज्वलन झालं, नाइटिंगेलबाईंच्या तसबिरीला हार चढला, शपथही झाली.

परिचारिकांच्या या मेळाव्यात अध्यक्षाने जिल्ह्यातल्या परिचर्येचा आढावा घ्यायचा असतो. तो असा: १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम वेगळा झाला, वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे सहा तालुके त्याच्या वाट्याला आले. २०१८ साली केंद्राच्या यादीत जिल्हा 'आकांक्षित', म्हणजे मागे राहिलेला, ठरला. २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. आढावा संपला. कार्यक्रमपत्रिकेत अध्यक्षांच्या नावापुढे पंचवीस मिनिटं आहेत. त्यातली बावीस-तेवीस उरली असतील. ती सगळी एका गाठीसाठी हवी आहेत.

या भाषणात 'मी' येणार नाही, त्याचं कारण आधी सांगितलेलं बरं. वॉर्डच्या रिपोर्ट बुकात सिस्टर कधी 'मी' लिहीत नाही. 'आयव्ही लावले.' 'स्पंज दिला.' 'डॉक्टरांना कळविले.' कर्ता गायब. आणि अस्वस्थ रुग्णाचे हात रात्रभर कॉटला बांधून ठेवलेले असतील, तर कर्त्याबरोबर क्रियापदही गायब. त्या पानावर 'रुग्ण अस्वस्थ, लक्ष ठेवले' एवढंच सापडतं. तेव्हा आज एका सिस्टरची हकिगत त्याच रिपोर्ट बुकाच्या रीतीने, तृतीय पुरुषात. ती सिस्टर कोण, हे ज्यांनी तिच्याबरोबर नाइट केल्या आहेत त्यांना पहिल्या दोन वाक्यांत कळेल.

या सिस्टरला उभ्या नोकरीत दोन मेमो मिळाले. पहिल्यात विचारलं होतं, 'रुग्णास का बांधले?' काही वर्षांनी, दुसऱ्या रुग्णालयात, दुसरा आला: 'रुग्णास का बांधले नाही?' दोन्हींचा खुलासा तीन दिवसांत मागितला होता. दोन्ही खुलासे तिने दिले, दोन्ही फाइलला लागले. बोलायचं मात्र राहून गेलं ते आजपर्यंत.

पहिल्या मेमोची गोष्ट फवारणीच्या हंगामातली. हा हंगाम म्हणजे काय हे या सभागृहात समजावून सांगायला नको. २०१७ साली शेजारच्या यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दाखल झाले, तेव्हा मुंबई-दिल्लीचे कॅमेरे आले. आपल्याकडच्या वॉर्डांत त्याआधीही हे रुग्ण होते आणि नंतरही आहेत. कोणाच्या अंगावर पंपाचं औषध उडालेलं, कोणी स्वतःच पिऊन आलेला, बाहेर पोलीस बसलेला, केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलीस प्रकरणाचा, शिक्का.

या विषाने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, छाती पाण्याने भरते. उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं, आणि ते भरपूर द्यावं लागतं. त्याची मात्रा जास्त झाली की सगळं उलटं: तोंड सुकतं, अंग भट्टीसारखं तापतं, नाडी धावते, बाहुल्या मोठ्या होतात, आणि माणूस हवेतले न दिसणारे धागे वेचू लागतो. तिशीतला एक मजूर असाच धागे वेचत होता. दोनदा त्याने आयव्ही उपटली. वॉर्डात जमिनीवरचे धरून चाळीसच्या वर रुग्ण, सिस्टर एक, मावशी एक. डॉक्टर दारातूनच म्हणाले, 'सिस्टर, बांधून ठेवा.' केसपेपरवर काही लिहिलं नाही. सिस्टरने गॉज बँडेजचा रोल घेतला आणि दोन्ही मनगटं कॉटला बांधली.

तो रात्रभर ओरडत होता, 'मले जाऊ द्या वो बाई, मले जायचं हाये.' शेजारच्या कॉटवरचा म्हातारा त्याला समजावत होता, 'सकाळी जाजो बाप्पा, सकाळी सुट्टी होते.' सिस्टरही तेच सांगत होती. पहाटे चारच्या सुमारास चादर बदलताना मावशीचा हात त्याच्या ओटीपोटावर पडला. ती म्हणाली, 'बाई, याचं पोट पाहा बरं.' मूत्राशय बेंबीपर्यंत फुगलेलं होतं. अ‍ॅट्रोपिनने लघवी अडते, हे सिस्टरने परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. कॅथेटर घातला, पिशवीत लिटरभर लघवी आली, आणि दहा मिनिटांत तो गडी झोपला. बांधायची गरजच उरली नाही. हात सोडले तेव्हा गॉजची पार दोरी झालेली होती. उजव्या मनगटाचं साल निघालं होतं, बोटं सुजली होती.

वऱ्हाडात 'जायचं हाये'चे दोन अर्थ होतात. ही गोष्ट परिचर्येच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

सकाळी राउंडला मोठ्या साहेबांनी ते मनगट पाहिलं. 'कोणी बांधलं?' रात्री 'बांधून ठेवा' म्हणालेले डॉक्टर केसपेपर वाचण्यात गढून गेले होते. सिस्टर 'मी' म्हणाली. बहुधा नोकरीतला तो पहिला 'मी'. त्याचा मेमो झाला.

दुसरा मेमो थोडक्यात. अतिदक्षता विभाग, श्वासनळीत नळी घातलेला एक पोरगा, अर्धवट शुद्धीत. आधीचा चटका अजून गेलेला नसल्यामुळे सिस्टरने त्याचे हात मोकळे ठेवले, स्टूल घेऊन शेजारी बसली, हात हातात धरून त्याच्याशी बोलत राहिली. तो ऐकत होता, मान हलवत होता. तेवढ्यात पलीकडच्या कॉटवर एकाचं हृदय थांबलं. ती तिकडे धावली, आणि त्या दोन मिनिटांत पोराने नळी ओढून काढली, तीही आतला फुगा फुगलेला असताना. पुन्हा नळी घालावी लागली. वाचला, पण घरी जाताना त्याचा आवाज घोगराच होता. मेमोतला प्रश्न चुकीचा होता असं म्हणता येत नाही. मात्र त्या विभागात त्या रात्री माणसं किती होती, हे त्या मेमोत कोणी विचारलं नव्हतं.

आपल्या व्यवसायातले यावरचे वाद या दोन रात्रींच्या मध्ये कुठेतरी आहेत. मघाच्या सत्रात एका तरुण ट्यूटर मॅडमनी ठासून सांगितलं की बांधणं ही क्रूरता आहे, ते पूर्ण बंद करा. त्यांच्या तळमळीला नमस्कार. त्यांना त्या घोगऱ्या आवाजाची आठवण सांगायची होती, ती सांगून झाली. दुसरे म्हणाले, बांधू नका, झोपेचं इंजेक्शन द्या. कोणाला? समृद्धी महामार्गावरून आलेला डोक्याला मार लागलेला माणूस आदळआपट करतो, त्याला झोपवलं तर त्याची शुद्ध उतरते आहे की औषधाची गुंगी आहे, हे कसं कळणार? उलट दारू सुटून दोन-तीन दिवस झालेला माणूस थरथरतो, त्याला भिंतीवर किडे दिसतात. तिथे ते औषध हाच उपचार, आणि औषध न देता नुसतं बांधणं जिवावर बेतणारं. दोघांची आदळआपट सारखीच दिसते. इन्सुलिन घेऊन न जेवलेल्या म्हातारीचीही तशीच. या सिस्टरने साखर न तपासता बांधलेली एक म्हातारी पाहिली आहे. ग्लुकोज गेल्यावर तिने सुनेचं नाव घेऊन विचारलं की आपल्याला दावं का लावलंय.

तिसरा मुद्दा सगळ्यांना सोयीचा: नातेवाइकांनी बांधलं तर आपला काय संबंध? संबंध असा. एका लेकाने आईचे हात तिच्याच लुगड्याच्या पदराने साइड रेलला बांधले आणि तो चहाला गेला. वॉर्डबॉय मामाने स्ट्रेचर लावायला रेल खाली केली. रेलबरोबर हात खाली ओढला गेला आणि म्हातारीचं मनगट मोडलं. लेक म्हणाला, सिस्टरने सांगितलं होतं. सिस्टरने सांगितलं नव्हतं, पण पाहिलं होतं. पाहून पुढे गेली होती, कारण पुढे आणखी अठ्ठावीस कॉट होत्या.

आता कायदा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या बाबतीत फार नीट लिहिलेला आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. त्याच्या ९७ व्या कलमानुसार मनोरुग्णाला एकांतकोठडीत ठेवता येत नाही. बांधायचं तर ताबडतोबीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने, आणि गरजेपेक्षा एक क्षणही जास्त नाही. कसं बांधलं, का, किती वेळ, हे लगेच केसपेपरवर यायला हवं, आणि ते लिहून घेण्याची जबाबदारी आस्थापनेच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाची. रुग्णाच्या नियुक्त प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं, दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा. शिक्षा म्हणून बांधायचं नाही. आणि मग ते वाक्य, जे या सिस्टरने पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं: केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही. ९५ व्या कलमाने तर साखळीला कोणत्याही रूपात बंदी आहे. त्यामागे एरवाडी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या त्या गावी खाजगी आश्रमाला आग लागली आणि साखळीने जखडलेली २८ माणसं दगावली.

पण हा कायदा मनोरुग्णांसाठी, मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी. नागपूरच्या मनोरुग्णालयातल्या कॉटवर तो लागू होतो. आपल्या मेडिसिन वॉर्डातल्या फवारणीवाल्याला, सर्जरीतल्या डोकं फुटलेल्याला, भ्रम झालेल्या म्हातारीला त्याचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी आहे गॉजचा रोल आणि दारातून आलेलं एक वाक्य.

याहून जास्त खटकणारी गोष्ट १९९५ ची. गुवाहाटीच्या रुग्णालयात उपचार घेत असलेल्या, 'टाडा' या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या सात स्थानबद्धांना बेड्या घालून वर दोरखंडाने बांधलं होतं. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण हाती घेतलं आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कैद्याला बेडी घालता येणार नाही असं बजावलं. म्हणजे गंभीर गुन्ह्यातल्या संशयिताला कॉटला जखडायला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. मानोऱ्याच्या शेतमजुराला जखडायला तोंडी आदेशही पुरतो, आणि सकाळी तो आदेश कोणाला आठवत नाही.

ही नुसती आपलीच तऱ्हा नाही. अमेरिकेत १९९८ साली 'हार्टफर्ड कूरंट' या दैनिकाने बांधण्याशी आणि कोंडण्याशी निगडित असे दहा वर्षांतले १४२ मृत्यू शोधून काढले. 'शोधून' म्हणायचं, कारण अशा मृत्यूंची नोंद पाठवण्याची सक्तीच नव्हती. नंतर तिथे नियम आवळले. हिंसक वागण्यामुळे प्रौढाला बांधण्याचा आदेश चार तासांपुरताच, ९ ते १७ वर्षांच्या मुलाला दोन तास, त्याहून लहानाला एक तास. पुढे हवा तर नव्याने घ्यावा लागतो.

आणि श्रेय. पॅरिसच्या रुग्णालयांतल्या साखळ्या तोडल्या त्या डॉक्टर पिनेल यांनी, असं आपण शिकलो. टोनी रोबेर-फ्लेरी या चित्रकाराने १८७६ साली काढलेलं त्याचं प्रसिद्ध चित्र आहे. त्यात डॉक्टरसाहेब मध्यभागी उभे आणि साखळ्या सुटताहेत. पण बिसेत्र रुग्णालयात १७९७ साली साखळ्या बंद केल्या तेव्हा पिनेल तिथून बदलून गेलेले होते. त्या काढल्या जाँ-बाप्टिस्ट प्यूसँ याने. तो वॉर्डचा प्रमुख परिचारक. मूळचा कातडी कमावणारा, गंडमाळेचा रुग्ण म्हणून त्याच रुग्णालयात आलेला आणि बरा होऊन तिथेच कामाला लागलेला. पिनेल यांनी त्याचं ऋण स्वतःच्या ग्रंथात मान्य केलं, चित्रकाराने नाही. गाठ बांधल्याचा मेमो परिचारिकेला आणि गाठ सोडल्याचा हार डॉक्टरांना, ही वाटणी तशी जुनी आहे! सभागृहात डॉक्टर मंडळी आहेत, ती हसताहेत, हसू द्या.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक, असा आहे. नवं महाविद्यालय आल्यामुळे आता तीनचा आकडा उच्चारायची मुभा आपल्याला मिळाली आहे. रात्री दोन वाजता जो वॉर्ड असतो त्यात हा आकडा कोणी पाहिला असेल तर त्याने हात वर करावा. नाही ना? मग बांधण्याचं खरं कारण रिपोर्ट बुकात का येत नाही, हेही कळलं. 'रुग्ण आक्रमक असल्याने' हे लिहिता येतं. 'वॉर्डात एकच सिस्टर असल्याने' हे लिहिलं तर तो मेमो खालून वर जाईल. कोविडमध्ये तर नातेवाईकही आत नव्हते. ऑक्सिजन कमी पडून भ्रमिष्ट झालेले लोक मास्क ओढून काढायचे. तोंडावर फेसशील्ड, हातात दोन-दोन ग्लोव्हज, अशा अवस्थेत ज्या गाठी मारल्या गेल्या, त्या ज्यांनी मारल्या त्यांच्याही मनातून अजून सुटलेल्या नाहीत. त्याबद्दल इथे इतकंच.

बांधावं कसं हेही आपण धड शिकवत नाही. परीक्षेत पाच गुणांची टीप असते: मम्मी, एल्बो, जॅकेट, मिटन, क्लोव्ह हिच. पोरी प्रकार पाठ करतात आणि वॉर्डात येऊन गॉजची निरगाठ मारतात. आपल्या आज्या सांगायच्या त्यात सगळं आहे: निरगाठ नको, सुरगाठ मारा, एका हिसक्यात सुटली पाहिजे. आग लागली, उलटी झाली, झटका आला, तर कात्री शोधत बसायचं नाही. मनगटाला आधी कापसाचं किंवा जुन्या चादरीचं रुंद गादीसारखं वेटोळं, त्यावर पट्टी. आत दोन बोटं सरकली पाहिजेत. शेंडा कॉटच्या चौकटीला, साइड रेलला कधीच नाही. पालथं कधीच नाही. डोक्याकडची बाजू वर. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग आणि ऊब पाहायची, दोन तासांनी सोडायचं, हात हलवून घ्यायचे, पाणी विचारायचं, आणि लघवी विचारायची. लघवी आधी विचारायची, खरं तर.

आणि पुष्कळदा नुसत्या मिटनने भागतं. तळव्यात गॉजचा गोळा द्यायचा, मूठ वळवायची, वरून बँडेज गुंडाळायचं. हात हलतो, नाक खाजवता येतं, पण नळीला चिमटा बसत नाही. मिटनसाठी रीतसर इंडेंट केलं तर 'सदर बाब यादीत नाही' असा शेरा येतो, म्हणून या सिस्टरने मावशींकडून जुन्या चादरींच्या सहा जोड्या शिवून घेतल्या होत्या. बदली झाल्यावर त्या कपाटात राहिल्या. पुढच्या इन्चार्जने कपाट साफ केलं.

अध्यक्षाने वर्षभराचं काम जाहीर करायचं असतं. रिपोर्ट बुकात एक रकाना वाढवायचा आहे: कोणी सांगितलं, कोणी बांधलं, का, किती वाजता, किती वाजता सोडलं. छापील नसेल तर पट्टीने रेघ ओढून. तोंडी आदेश असेल तर त्याच ओळीत डॉक्टरांचं नाव आणि वेळ. सही सकाळी घेऊ, नाही मिळाली तर 'सही मिळाली नाही' हेही लिहू. नेमका नमुना कसा असावा, त्याला वरून मंजुरी लागते का, लागली तर कोण देणार, हे पुढच्या बैठकीत पाहू. एक छोटी समितीही करायची आहे. नावं अजून ठरलेली नाहीत. खेड्यांतल्या गोठ्यांत साखळीने बांधलेली माणसं आशाताई आणि एएनएम भगिनींना दिसतात, त्यांनी ते कोणाला कळवायचं, हा याहून मोठा विषय आहे आणि त्याला आज न्याय देता येणार नाही. शिवणयंत्र मात्र कारंज्याच्या एका भगिनीने देऊ केलं आहे, त्यांचे आभार.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. जेवणानंतर सभागृहाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कॉट मांडून ठेवली आहे. सुरगाठीचं प्रात्यक्षिक तिथे होईल. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी आधी त्या कॉटवर पंधरा मिनिटं दोन्ही हात बांधून घेऊन पडायचं आहे, पाणी पिऊन. नाकाला खाज साधारण तिसऱ्या मिनिटाला सुटते. यादी दाराशी टांगली आहे. पहिली दोन नावं रात्री 'बांधून ठेवा' सांगणाऱ्यांसाठी कोरी ठेवली आहेत, तिसरं अध्यक्षबाईंचं आहे.